शाळवातल्या नांग्या

"चाड्यावर मी ऱ्हातो," मालक म्हणाले.

आम्ही तिघं बांधावर उभे होतो. हस्ताचा पाऊस पडून गेला होता, रानाला वापसा आला होता आणि पेरायच्या पाभरीला बैल जुंपून झाले होते. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कासरा हातात धरला होता. मी शाळवाचं, म्हणजे हिवाळी जोंधळ्याचं, बी ओटीत भरून घेत होते. मालकांचं बोलणं ऐकून माझा हात टोपलीतच राहिला. मालक म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव मी आत्ताच घेत नाही, वेळ आली की घेईन.

आमच्या घरात पेरणीची कामं वाटलेली होती. गड्यानं बैल हाकायचे आणि बाईनं चाड्यावर मूठ धरायची. पाभरीच्या वर लाकडाचं वाडगं बसवलेलं असतं, ते चाडं. त्यात मुठीतून बी सोडत मागनं चालायचं, मग ते नळ्यांतून खाली मातीत उतरतं. मूठ सैल सुटली तर दाट उगवतं, आखडली तर विरळ. सासूबाईंची मूठ अशी होती की उगवलेलं रान बघायला परगावची माणसं थांबत. त्या गेल्यावर चाडं माझ्याकडे आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा जरा तोराही होता.

"अवो, तुमी बैल हाका की," मी म्हटलं. "मामंजींचं गुडघं दुखत्यात."

"चाड्यावर मी."

मामंजींनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "धरू दे, पोरी. कशाला तरी हात लावतूय, हेच लई झालं."

तेही खरंच होतं. घरी परत आल्यापासून मालकांनी रानातल्या कशालाही हात लावला नव्हता. दिवसभर ओसरीवर पाठ टेकून बसायचे, आणि संध्याकाळ झाली की रानाच्या बांधावर येऊन उभे राहायचे. मी ओटी सोडली आणि बी त्यांच्या धोतराच्या सोग्यात ओतलं.

हा माणूस आमच्या घरात दुसऱ्यांदा आला होता, ते आधी सांगायला हवं.

बांगलादेशची लढाई झाली त्या हिवाळ्यात पलटणीकडून कळलं, की मालक पंजाबच्या सरहद्दीवर कामी आले. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे असलं ऐकायची गावाला सवय होती. मला नव्हती. माझं लग्न होऊन जेमतेम दोन उन्हाळे झाले होते. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं, ओढ्याच्या काठी दहावं झालं. पिंडाला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागं सरकलीही नव्हती, तोवर शिवला. सासूबाईंनी ते फार मनाला लावून घेतलं. "पोरानं काईच मागं ठिवलं न्हाई गं," म्हणाल्या आणि अंथरुणाला खिळल्या. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर गेल्या. तो पावसाळा तर कोरडाच गेला. तो दुष्काळ अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. रान पेरलंच नाही. मी आणि मामंजी खडी फोडायला जायचो. दोन बैलांतला एक जनावरांच्या छावणीत मेला, एकटा मोऱ्या तेवढा वाचला.

आणि त्या दुष्काळाच्या हिवाळ्यात, दिवस मावळताना, मालक बांधावर उभे दिसले. अंगात दुसऱ्याचा कोट, गालांची हाडं वर आलेली, एक पाय ओढत. तिकडच्या कैदेत होते, सुटून आले. आता हे सगळं सोपं वाटतं. पण तेव्हा गावानं पटापट दारं लावून घेतली. आमच्या शेजारच्या रानाची जनाकाकू तर भाकरतुकडा ओवाळून टाकून पळत सुटली. मी दारातच मटकन बसले. धावत जावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता, हे मी अजून विसरले नाही.

गुरवानं निवाडा केला. ज्याचे दिवस घातले तो गेला, त्याला त्या दारानं आत घ्यायचं नाही. हा पुन्हा जन्माला यायला हवा. मग मालकांना मागच्या परड्याच्या भिंतीवरून आत उतरवलं. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथं बाळाला सुपात घालून केरावरून ओढतात आणि यमानं ढुंकून बघू नये म्हणून वाईट नाव ठेवतात, तसं केलं. एवढा सहा फुटी गडी सुपात कुठला मावतोय? दोन पाय सुपात ठेवून घेतले. नाव ठेवलं केरबा. मग तिथंच परड्यात मांडव घालून माझं त्यांच्याशी लग्न लागलं. एकाच माणसाशी दोनदा लग्न लागलेली बाई तालुक्यात माझ्याशिवाय कुणी असेल असं वाटत नाही. आणि गुरवानं बजावून सांगितलं, की जुनं नाव आता कुणीही घ्यायचं नाही. नाव घेतलं की गेलेलं माघारी वळतं.

मला काय अडचण होती? नवऱ्याचं नाव मी कधी घेतलंच नव्हतं. पहिल्या लग्नात उखाण्यात एकदा पुटपुटले होते, तेवढंच.

पण केरबा म्हणून हाक मारली की मालक मान वर करायचे नाहीत. दोनदा, तीनदा हाक मारावी लागे, आणि मग ते असं बघत, की हाक मागं उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाला मारली आहे. पुढच्या दारानं ते कधी आत येत नसत. परड्यातूनच येत आणि तिकडूनच जात. एकदा मी भाकरी थापत होते, तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "दहाव्याला कावळा शिवला हुता का गं?"

"व्हय," मी म्हटलं.

"यळ लागला?"

"न्हाई. लगीच शिवला."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "मंग खरंच आसंल," म्हणाले आणि उठून गेले. माझी तव्यावरची भाकरी करपली.

तर ती पेरणी. आमचा मोऱ्या आणि जनाकाकूचा पाखऱ्या, असा वारंगुळा होता. तिचा एक बैल, आमचा एक, जोडी मिळून आधी तिचं रान पेरायचं, मग आमचं. मामंजी बैल हाकू लागले, मालक चाड्यावर, आणि मी बांधावरून बी पोचवत होते. पहिले दोन फेरे नीट गेले. मालकांची मूठ सासूबाईंच्या वळणाची चालत होती. मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, आलं माणूस ताळ्यावर.

मग रानाच्या मध्यावर मोऱ्या थबकला. कान टवकारले आणि फुरफुरला. मामंजींनी कासरा हिसकला तसा पुढं निघाला. मालक खाली मातीकडे बघून काहीतरी बोलले. मी बी घेऊन जवळ आले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"जरा सरा," ते म्हणाले.

मला वाटलं, बैलांना म्हणाले. पण बैलांना कुणी "सरा" म्हणत नाही आणि इतक्या अदबीनं तर नाहीच नाही. पुढच्या फेऱ्याला दुसऱ्या ठिकाणी तसंच झालं. मोऱ्या थांबला, मालक मातीशी बोलले, पाभर पुढं गेली. दिवस कलेपर्यंत रान पेरून झालं. टोपलीत बरंच बी शिल्लक राहिलं होतं. दरसालच्या मापानंच घेतलं होतं, तरी.

"हात आखडता धरला जणू," मामंजी म्हणाले. मी उरलेलं बी घरी नेलं.

आठवडाभरानं शाळू वर आला. मामंजी सकाळी बघायला गेले आणि लगेच माघारी आले. चूळसुद्धा न भरता ओसरीवर बसले. मी विचारलं, "कसं उगवलंय?" तर म्हणाले, "तूच बघ जा."

मी गेले. रान बोटबोट हिरवं झालं होतं, काकऱ्या कशा सरळ. आणि त्यात मधेमधे उघड्या जागा. शाळू कुठं उगवला नाही तर त्या उघड्या जागेला आम्ही नांगी म्हणतो. नांग्या पडतातच, पाखरं बी टिपतात, किडा खातो, पण त्या वेड्यावाकड्या असतात. ह्या तशा नव्हत्या. एकेक जागा माणूस पाय लांब करून निजेल एवढी होती. एक मध्यावर, दोन एकमेकींना लागून ओढ्याच्या अंगाला, एक कोपऱ्यातल्या बाभळीखाली. कडेनं हिरवं गच्च आणि मधे काळीभोर माती. मी दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिले.

मागं जनाकाकू आली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

"मसनवटा पेरलाय गं बाई," ती म्हणाली. "मढ्याच्या हातचं बी कुटं रुजतंय का?"

"काकू, तोंड सांभाळ."

"माजं तोंड काय सांभाळायचं? ह्ये समदं गाव बघील आता. मी माजा पाखऱ्या न्हेते. तुमच्या दावणीला न्हाई ठिवायची माजं जनावर."

आणि तिनं खरोखर पाखऱ्या सोडून नेला. एकट्या मोऱ्यावर कुळव चालत नाही, पाभर चालत नाही. तिचा बैल गेला म्हणजे आमचं रान गेल्यातच जमा होतं. पण मला रानाचं तेवढं वाटत नव्हतं. घरी आले तर मामंजी कोपरीच्या गुंड्या लावत बसले होते.

"उद्याच्या मोटारीनं त्येला डोंगरावरच्या ठाण्यावर न्हेतो," माझ्याकडे न बघता म्हणाले. त्या ठाण्यावर लागिरलेली माणसं साखळीनं बांधून ठेवत. काही परत येत. बरीचशी येत नसत.

"मामंजी, त्येंला काय झालंय? रातीचं निजत्यात, दोन घास खात्यात."

"माणूस आसंल तर बरा हून यील."

"आन् न्हाई तर?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी त्येला अग्नी न्हाई दिला, पर पाणी दिलंय, पोरी. माज्या हातानं दिलंय. आता ह्यो कोण माज्या घरात बसलाय, मला तरी कसं कळावं?"

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. बापाला लेकाची भीती वाटावी, याहून वाईट काय असतं? पण मी एकदा कुंकू पुसलं होतं. दुसऱ्यांदा पुसणार नव्हते, मग घरात आलेलं ते कुणीही असो.

टोपलीतलं उरलेलं बी मी पाण्यात भिजत घातलं. अजून ओल होती. नांग्या भरायच्या तर आता, दोन दिवसांनी भरल्या तर ते शाळू कायमचे मागास राहतात. सूर्य डोक्यावर आला तसं मी फडक्यात बी बांधलं, टोकणीला खुरपं घेतलं, कळशी भरून कमरेवर घेतली आणि निघाले. भर बाराला बाईनं एकटीनं रानात जाऊ नये म्हणतात. मी एकटी नव्हते. मालक बांधावर बसलेले होतेच.

मी थांबले नाही. सरळ मधल्या नांगीत शिरले आणि खाली बसायला वाकले.

"हौसे! पाय काड!"

परत आल्यापासून त्यांचा असा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मी दचकून सरळ झाले.

"का?"

"पाय काड म्हंतो ना! शिरपाच्या छातीवर हुबी ऱ्हायलीयास."

मी उडी मारून बाहेर आले. हे सांगायला मला लाज वाटत नाही, कुणीही मारली असती. मालक पाय ओढत जवळ आले आणि नांगीच्या कडेला उकिडवे बसले.

"कोण शिरपा?" मी विचारलं.

"शिरपा घोलप. आमच्या सेक्शनचा. कऱ्हाडकडला." मग थोडं थांबून ते सांगू लागले, आणि त्यांचं एवढं सलग बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "तितं गव्हाचं रान हुतं, हौसे. नुकतंच उगवल्यालं. असंच, बोटबोट. कुणी पेरलं हुतं काय म्हाईत, पर काय हात हुता त्येचा! आईवानी. सांजच्याला आमी त्या रानातनं पुढं सरलो आन् पोरं पडाय लागली. मीबी पडलो. सकाळी मान वळवून बघितलं तर ज्यो तो पडला तितं समदं कोंब चेपल्यालं. मला वाटलं, ज्येनं पेरलंय त्यो यील, त्येला काय सांगायचं?"

वारा पडलेला होता. नांगीतली माती उन्हानं तापून तिच्यातून वाफ येत होती.

"आन् हितं?" मी हळूच विचारलं.

"हितं पेरताना बघतो तर ही हितंबी हायेत. म्हनलं, जरा सरा. न्हाई सरली." त्यांनी आपला उजवा हात उताणा करून बघितला. "मूठ मी न्हाई मिटली, हौसे. ती मिटली."

त्यांच्या नजरेच्या रोखानं मी नांगीत बघितलं. माती होती, ढेकळं होती, एक मुंगळा चालला होता. तरी ती जागा रिकामी आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. आणि मग, का कुणास ठाऊक, मला फार राग आला. ह्या लोकांना आपापली रानं नव्हती? माझ्या नवऱ्याच्या मागं एवढ्या लांब कशाला यायचं?

मी पदर खोचला आणि नांगीच्या काठाशी गुडघे टेकले.

"शिरपा भावजी," मी मातीला म्हटलं, "मी तुमची वयनी. शाळू लावती. तुमी आपलं पडून ऱ्हावा, पर जरा अंग चोरून घ्या. वर हिरवं आसलं म्हंजी ऊन लागायचं न्हाई."

मालक माझ्याकडे बघत राहिले. मी खुरप्यानं माती उकरली, चार दाणे टाकले, ओंजळभर पाणी घातलं. पुढं सरकले. पुन्हा उकरलं. नांगीच्या मध्यावर आले. तेवढ्यात मालकांनी कळशी उचलली आणि माझ्यामागून पाणी घालायला लागले.

ती नांगी संपली. ओढ्याच्या अंगाच्या पहिल्या नांगीशी मी थांबले. "हितं कोण?"

"दाजी म्हापणकर. कोकणातला. भाताचं माणूस. शाळवाची भाकरी त्येच्या घशाखाली उतरायची न्हाई, मला म्हनायचा, तुमी लोकं जनावराचं खाता."

"आता उतरंल," मी म्हटलं. "दाजी भावजी, सरा."

मालक हसले. नुसता नाकातून आवाज आला, पण ते हसणंच होतं. मला हुरूप आला. तिला लागून दुसरी होती, तिथं ते पुन्हा गंभीर झाले.

"इट्टल. बेळगावकडचं पोरगं. ह्यो दाजीच्या कुशीतच सरकत गेला. रातभर आईला हाका मारत हुता, पहाटं थांबला."

त्याला मला 'सरा' म्हणवलं नाही. नुसतं बी लावत गेले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

आता बाभळीखालची एक राहिली. बाभळीची सावली विरळ पडली होती. मी तिथं जाऊन बसले. मालक मागं आले नाहीत. पाच-सहा पावलांवर कळशी धरून थांबले.

"हितलं कोण?" मी विचारलं.

त्यांनी कळशी दुसऱ्या हातात घेतली.

"अवो, हितं कोण हाय?"

"हितं हैबती," ते म्हणाले.

ते जुनं नाव मी सासूबाई गेल्यापासून कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मालकांनी ते असं घेतलं, की शिरपा, दाजी, विठ्ठल यांच्यासारखाच एक कुणी.

"लई चांगला गडी हुता," ते पुढं म्हणाले. "त्यो काय घरला आला न्हाई. त्येचं दिवस घातलं. कावळाबी शिवला. आईसुदिक त्येच्याकडंच गेली."

मागं उभा आहे तो कोण? ज्याच्याशी माझं दुसऱ्यांदा लग्न लागलं तो केरबा. आणि माझा नवरा इथं, माझ्या गुडघ्यांपुढं. उद्या मामंजी ज्याला ठाण्यावर नेणार होते, त्याला सोडवून मी कुणाला घरात ठेवणार होते? मला वाटलं, जनाकाकूचंच खरं.

आणि मग मला ते दिसलं, जे गावातल्या एवढ्या शहाण्यांना दिसलं नव्हतं. ह्या माणसाला परत आल्यापासून कुणी त्याच्या नावानं हाक मारलीच नव्हती. मारली असती अशा एक सासूबाई, त्या राहिल्या नाहीत. बापाला धीर झाला नाही. गावाला गुरवाची आण. आणि बायको? बायको कुठं नाव घेते?

मी उठले. नांगीच्या मधोमध उभी राहिले. पलीकडच्या रानातल्या माणसाला हाक मारतात तसे दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ओ हैबतीऽऽ!"

स्वतःचाच आवाज मला ओळखू आला नाही. हाक समोरच्या टेकाडावर गेली आणि माघारी आली. पलीकडं जनाकाकू खुरपत होती, ती ताठ उभी राहिली. आणि हाक विरली तेव्हा, देवाशपथ सांगते, "ओ" आलं. ते मालकांच्या तोंडून आलं नव्हतं. मी त्यांच्याकडेच बघत होते, त्यांचे ओठ मिटलेले होते. ते माझ्या पायाखालून आलं की टेकाडावरून, मला सांगता येणार नाही.

मला पळून जावंसं वाटलं. पण पळाले असते तर सगळं तिथंच राहिलं असतं.

"हैबतीऽऽ! उठा तितनं! शाळू लावायचाय!"

पुन्हा तसंच. लांबून, दबलेलं. ह्या वेळी मालकांनीही ते ऐकलं. त्यांनी मान वळवली, नांगीकडे बघितलं आणि कळशी त्यांच्या हातातून निसटली. सगळं पाणी मातीत गेलं.

मला रडू फुटलं. तरी तिसऱ्यांदा हाक मारली, आता जमिनीकडे बघून नाही, त्यांच्या तोंडाकडे बघून. मोठ्यानं नाही. शेजारी बसलेल्याला मारतात तेवढीच.

"हैबती."

त्यांचे ओठ हलले. पहिल्यांदा नुसती हवा आली.

"ओ," ते म्हणाले.

आणि मग जमिनीवर बसून आईच्या नावानं रडायला लागले. दोन वर्षांचं रडणं होतं ते. मी शेजारी बसून राहिले, त्यांच्या पाठीवर हात ठेवून. ती पाठ गरम होती. घामानं भिजली होती. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं आणि हात पुढं केला.

"आण बी. ही मी लावतो."

ती नांगी त्यांनी स्वतः भरली.

मामंजी माझ्या हाका ऐकून धावत आले होते आणि बांधावर खिळल्यासारखे उभे होते. सून रानात उभी राहून नवऱ्याचं नाव ओरडते, हे त्यांच्या सात पिढ्यांत झालं नसेल. ते मला काय बोलतात इकडे माझं लक्ष होतं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"हैबती," ते म्हणाले. आवाज फुटला, म्हणून पुन्हा म्हणाले, "हैबती, घरला चल, बाबा. म्होरल्या दारानं चल."

दुसऱ्या दिवशीची मोटार रिकामीच गेली. जनाकाकू चार दिवस तोंड फिरवून होती. पाचव्या दिवशी पाखऱ्याला घेऊन आली, म्हणाली, "ह्यो मेला मोऱ्याबिगर कडबा खाईना." बैलाचं नाव पुढं करून तिनं आपलं मिटवून घेतलं, मीही जास्त ताणलं नाही.

नांग्यांतला शाळू मागून उगवला तो मागासच राहिला. सुगीला सगळं रान पिवळं आणि तेवढे चार तुकडे हिरवे. ते आम्ही मागून, वेगळे काढले. पुढं ही आमची रीतच झाली. दरसाल चाड्यावर मालक, आणि आठवड्यानं नांग्या भरायला मी. नांग्या दरसाल पडायच्या. कधी मध्यावर, कधी ओढ्याकडे, कधी वाटेच्या कडेला. मी विचारायची, "औंदा हितं कोण?" ते सांगायचे. शिरपा भावजी, दाजी भावजी, विठ्ठल. इतक्या वर्षांत त्या माणसांची मला सवय झाली होती. पोरं मोठी झाली, गावात ट्रॅक्टर आले, तरी तेवढा तुकडा पाभरीनंच पेरायचा हा मालकांचा हट्ट होता. बाभळीखाली मात्र पुन्हा कधी नांगी पडली नाही. नाव मीही पुन्हा घेतलं नाही. एकदा घेतलं ते कामापुरतं.

गेल्या साली शाळू उगवला तेव्हा मी फडक्यात बी बांधून गेले, आणि बाभळीखाली उघडी जागा होती. माणूस पाय लांब करून निजेल एवढी. मी मागं वळून बघितलं. मालक बांधावर काठी टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बाकीच्या नांग्या मी भरल्या. ती भरली नाही.

शाळू पोटऱ्यात आला, कणीस अजून बाहेर पडलं नव्हतं, आणि मालक गेले. दुपारचे निजले, ते उठले नाहीत. त्यांची राख आम्ही रानातच नेली. थोरला म्हणाला, "आई, कुटं टाकायची?" मी त्याला जागा दाखवली.

दहाव्याला पिंडही रानातच ठेवले, पण कावळा शिवेना. बाभळीवर दहा-पंधरा बसले होते, एकही खाली येईना. थोरला हात जोडून म्हणाला, रान विकणार नाही. धाकटा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. मुलीनं नातवाच्या शिक्षणाचं सांगितलं. ऊन चढलं, माणसं कुजबुजायला लागली, गुरवाचा नातू दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागला. बायका तिथं मागं थांबतात. मी उठले आणि पुढं गेले. कुणी तरी "आजी" म्हणून मला धरायला बघत होतं.

"हैबती," मी म्हटलं, "तुमची जागा मोकळी ठिवलीया. बी टाकलं न्हाई."

मी मागं सरकलेही नव्हते, तोवर कावळा शिवला.